खोक्यातली कलमं

मांजरी बुद्रुक, पुणे
दि. १८ जून २०२४

तीर्थरूप आप्पादादांस,
धाकट्या तुळजाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं कानाचं मशीन अजून कपाटातच आहे, असं वहिनींच्या चिठ्ठीवरून कळलं. चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात आवाज ऐकले, आता कुणाचं काही ऐकायचं नाही, असं तुम्ही म्हणता म्हणे. वहिनींना चहा झाल्याचं सांगायला समोर येऊन कप हलवावा लागतो. त्यांची दया येते हो.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून आपण पुन्हा पत्रं सुरू करू. खडकीहून मांजरी वीसेक किलोमीटर. वास्तुशांतीच्या दिवशी जे झालं त्यानंतर तुम्ही इकडे येणार नाही आणि हे तुम्हाला फाटकाच्या आत घेणार नाहीत. तेव्हा टपालच बरं. उत्तर मात्र यमुनाबाईंच्या पत्त्यावर पाठवा, खाली लिहिला आहे. आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात त्या. आमच्या फाटकावरच्या पेटीत पाणी शिरतं, कागद भिजतात.

इकडची मोठी बातमी म्हणजे झाडं. शेवटचे तीन एकर दिवाळीत बिल्डरला दिले, तेव्हापासून ह्यांच्या हाताला काम उरलेलं नाही. बंगल्यामागे आठ गुंठे राहिलेत. उसाच्या बेण्याचा डोळा अंगठ्याने दाबून बघितल्याशिवाय कांडी जमिनीत न लावणारा हा माणूस आता दिवसभर फोनवर चित्रं बघतो आणि झाडं मागवतो. आधी निळा गुलाब आला. चित्रात ताटाएवढं फूल, खोक्यात टिचभर सहा काड्या. मग कुंडीतलं बुटकं सफरचंद. चित्रात चाळीस तरी फळं लगडलेली होती. खोकं उघडलं तेव्हा ह्यांनी पान चोळून वास घेतला, खोडावरून बोट फिरवलं आणि काटा टोचला. बोरीचं रोप निघालं, दादा, तेही रानबोरीचं. तुमचा भाचा पृथ्वीराज हसला. ह्यांनी कुंडी उचलून भिंतीवर मारली. शेतकऱ्याच्या पोराला बोर कळत नाय असं वाटलं काय त्यांना, असं म्हणत राहिले. दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

अक्षर वाकडं आलंय ते समजून घ्या. न्हाणीत घसरले आणि डावं मनगट दुखावलं, कागद दाबून धरता येत नाही. बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
तुळजा


खडकी, पुणे
दि. २५ जून २०२४

चि. तुळजास,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं.

तुझ्या वहिनीने माझी बदनामी टपालाने सुरू केली आहे, हे वाचून बरं वाटलं. निदान तिला छंद लागला.

झाडांचं म्हणशील तर आम्हीही हा मूर्खपणा करून बसलो आहोत. वहिनीने मागच्या वर्षी अडेनियम मागवलं. आलं ते सुकलेल्या मुळ्यासारखं काहीतरी. हे कुंडीत लावायचं की सांबारात घालायचं, असं तिने मला पाटीवर लिहून विचारलं. कारखान्याच्या बागेतले जुने माळी आप्तासारखे आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी सांगितलेलं तुला कळवतो. जिवंत झाड सहा-सात दिवस अंधारात, बिनहवेचं, उलटंसुलटं प्रवास करतं. ते पोचेपर्यंत निम्मं मेलेलं असतं. ज्या जाहिरातीत रोपवाटिकेचं नाव-गाव नाही, तिथून घेऊ नये. कलम असेल तर जोड कुठे आहे त्याचा फोटो आधी मागावा. आणि आलेलं झाड पंधरा दिवस बाकीच्या बागेपासून लांब ठेवावं, कारण त्याच्या मुळात आणि पानामागे काय बसून आलंय ते पहिल्या दिवशी दिसत नाही. हे सगळं आमच्या पाहुण्यांना, म्हणजे तुझ्या हिंदुरावांना, माझ्यापेक्षा जास्त कळतं. कळणाऱ्याला चित्र का भुलवतं, हे मला कळत नाही.

आता दुसरं. न्हाणीत घसरलीस म्हणून लिहिलंस. १९९६ च्या मार्चमध्येही तू न्हाणीतच घसरली होतीस. तेव्हा जुनं घर होतं, शहाबादी फरशी होती. नव्या बंगल्यात न घसरणाऱ्या फरशा बसवल्याचं पाहुण्यांनी वास्तुशांतीला चारचौघांत दोनदा सांगितलं. म्हणून विचारतो. पेटीत पाणी शिरतं हेही मला पटलेलं नाही.

उत्तर दे. टाळलंस तरी मी पुन्हा विचारीन.

तुझा,
आप्पा


मांजरी बुद्रुक
दि. २१ जुलै २०२४

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुम्ही विचारलंत त्याच्याकडे शेवटी येते, आधी झाडांचं सांगू द्या.

ह्यांनी अव्हॅकॅडोची बारा कलमं मागवली. घेऊन आले ते पोपट नावाचे डिलिव्हरीवाले. आमच्या भागातली खोकी तेच आणतात. पन्नाशीपुढचे आहेत, आधी हडपसरला एका कारखान्यात लेथवर होते, तो बंद पडला. पाणी मागतात, तेही फाटकाबाहेर उभे राहून. मी गूळ-शेंगदाणे देते. त्या दिवशी खोक्याला छोटी छोटी भोकं दिसली. हे काय म्हणून मी विचारलं, तर हळूच म्हणाले की ताई, आत झाड आहे असं वर लिहिलंय, गोदामात दोन दिवस पडून होतं, मी स्कूटरच्या किल्लीने पाडली भोकं, जिवंत वस्तू आहे ना. असं करायची त्यांना मुभा नाही. कुणाला सांगू नका म्हणाले.

बारापैकी नऊ कलमं हिरवी होती. पण पानाच्या बेचक्यात मला पांढरं कापसासारखं दिसलं. पिठ्या ढेकूण. तुमचं पत्र ताजं होतं, म्हणून मी म्हटलं की ही पंधरा दिवस वेगळी ठेवू या. हे म्हणाले की जन्मभर मातीत मी राबलो आणि आता तू मला शेती शिकवणार हायेस काय. कलमं तिथेच सीताफळाशेजारी लावली.

तीन आठवड्यांत सीताफळ पांढरं झालं. मग जास्वंद, मग कढीपत्ता, मग माझा मोगरा. तो खडकीच्या घरातून आणलेला, तेवीस वर्षांचा. ह्यांनी दुकानातून जहाल औषध आणून तोंडाला फडकं न बांधता फवारलं, दिवसभर ओकत होते. कीड मेली नाही. काल दुपारी कोयता घेऊन बागेत गेले आणि दिसेल ते तोडत सुटले. सीताफळाला बारा-पंधरा घाव घातले, ते पडल्यावरही घालत राहिले. मोगऱ्यापाशी मी आडवी गेले. म्हटलं की एवढा राहू द्या, मी साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसते. त्यांनी कोयता खाली ठेवला, शांतपणे मला थोबाडीत मारली, परत कोयता उचलला आणि मोगरा बुडापासून तोडला. पृथ्वीराज वरच्या गॅलरीत फोनवर बोलत होता. त्याने बोलणं थांबवलं नाही.

मनगट न्हाणीत दुखावलं नाही. माझा मोबाईल हे रोज बघतात, म्हणून टपाल. यमुनाबाईंना सगळं माहीत आहे. एवढंच आज लिहिता येतंय.

कंपनीचं म्हणणं आलं की मेलेल्या झाडाचा फोटो चोवीस तासांत पाठवायला हवा होता. आता दुसऱ्या कंपनीकडून लिचीची कलमं मागवली आहेत, माल आल्यावर पैसे द्यायचे या बोलीवर.

वहिनींना यातलं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची,
तुळजा


खडकी
दि. २७ जुलै २०२४

चि. तुळजास,
आशीर्वाद.

वहिनीला पत्र वाचायला दिलं. ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. मला ऐकू येत नसलं तरी ते कळलं.

१९९६ चं मी लिहितो, कारण तू लिहिणार नाहीस. तू संध्याकाळी आलीस. कडेवर तीन वर्षांचा पृथ्वीराज, उजव्या हाताला पंच्याचं फडकं बांधलेलं. दोन दिवस ठेव, पुढचं बघू, एवढंच म्हणालीस. मी रात्रभर विचार केल्याचं सोंग केलं. सकाळी स्कूटरवर बसवून तुला मांजरीला सोडलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी हिंदुरावांबरोबर ओट्यावर बसून चहा प्यायलो. त्यांनी उसाचं एकरी किती उतरलं ते सांगितलं आणि मी वा म्हणालो. तू आतून चहा आणून दिलास, डाव्या हाताने.

वास्तुशांतीला मी त्यांच्याशी भांडलो, ते अठ्ठावीस वर्षांनी. ते शौर्य नव्हतं.

पुढची खोली रिकामी आहे. वहिनीने गादी उन्हात घालून ठेवली आहे. ये, दोन दिवसांसाठी नाही. कधी, ते तूच ठरव. मी तुझ्या वतीने एकदा ठरवलं होतं, तेवढं पुरे.

तुझा,
आप्पा


मांजरी बुद्रुक
दि. १४ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप दादांस,
नमस्कार.

हे पत्र वाचून झाल्यावर जपून ठेवा. फाडू नका.

सोमवारी, बारा तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास पोपट लिचीचं खोकं घेऊन आले. खोकं खालून ओलं झालं होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कोथिंबीर निवडत होते. तिथून फाटकापर्यंत सरळ दिसतं. ह्यांनी सांगितलं की आधी उघडून दाखव. पोपट हात जोडून म्हणाले की साहेब, पैसे मिळाल्याशिवाय खोकं फोडायचा मला अधिकार नाही, नोकरी जाईल. ह्यांनी कोयत्याने पट्टी कापली. घाण वास माझ्या खिडकीपर्यंत आला. दहाच्या दहा कलमं काळी पडली होती, पानांचा चिखल झाला होता. ह्यांनी एक उचललं, जोडावरची पट्टी सोडली. आत जोडच नव्हता. साध्या रोपावर नुसती पट्टी गुंडाळून कलम म्हणून विकलं होतं. मी ह्यांचा चेहरा बघितला, दादा, आणि मला कळलं. मी कोथिंबीर टाकून दाराकडे धावले.

पोपट खाली वाकले होते. त्या चिखलातून त्यांनी एक रोप वेगळं काढलं, त्याला एक हिरवं पान होतं. म्हणाले की साहेब, हे एक जगेल बहुतेक. चेष्टा नव्हती त्यांच्या बोलण्यात. ह्यांना चेष्टा वाटली. भिंतीला टेकवलेलं फावडं ह्यांनी उचललं.

पहिला दांड्याचा तडाखा खांद्यावर बसला. पोपट मागे सरकत म्हणाले की साहेब, मी फक्त खोकं आणतो, मी लावली नाहीत ही झाडं. दुसरा पात्याने, कानाच्या वर. ते गुडघ्यावर बसले. मी पोचले आणि ह्यांचा हात दोन्ही हातांनी धरला. ह्यांनी मला झटकलं, मी फरशीवर आपटले. माझ्यासमोर तिसरा घाव चेहऱ्यावर बसला. तो आवाज मी लिहिणार नाही. पोपट आडवे झाले, एक हात डोक्यावर धरलेला. चौथा त्या हातावर बसला. मग हे थांबले, ते दम लागला म्हणून. फावड्यावर रेलून उभे राहिले, शेतात राहायचे तसे.

पृथ्वीराज खाली आला. ओरडला नाही. त्याने आधी फाटक लावलं. पोपटांना जीपमध्ये घातलं, त्यांची स्कूटर कालव्याच्या वळणावर नेऊन आडवी पाडली आणि रस्त्यात पडलेला माणूस मिळाला असं सांगून दवाखान्यात पोचवलं. परत येऊन पाइपने अंगण धुतलं. खोकं आणि कलमं पेटवली. ती ओली होती, पेटेनात, म्हणून डिझेल ओतलं.

दुपारी चौकीतून हवालदार आले. मला विचारलं. मी झोपले होते, असं मी सांगितलं. सकाळी अकराला मी कधी झोपलेय का, दादा? पण सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. हे माझ्या मागे उभे होते.

पोपट शुद्धीवर नाहीत. एक डोळा गेलाय असं यमुनाबाई सांगतात. त्यांची बायको दवाखान्याच्या जिन्यात बसून असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते की कुठल्या गाडीने उडवलं ते कुणी पाहिलं का. मी पाहिलंय, हे तिला माहीत नाही.

मला सुचत नाही. मुलगा आहे माझा तो.

तुळजा


मांजरी बुद्रुक
दि. १९ ऑगस्ट २०२४

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून टाइप करून पाठवतोय. यमुनाबाईंच्या घरी तुमची दोन पत्रं सापडली. त्यांना कामावरून कमी केलं आहे. या वयात असा चोरून पत्रव्यवहार मला तरी शोभणारा वाटत नाही.

आईची तब्येत सध्या ठीक नाही. डिप्रेशन आहे. ती काहीबाही इमॅजिन करते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत आणि तिला रेस्ट सांगितली आहे. तिचा फोन माझ्याकडे आहे. तिने तुम्हाला काही लिहिलं असेल तर सीरियसली घेऊ नका. इथे एका डिलिव्हरीवाल्याचा ॲक्सिडेंट झाला, मीच त्याला हॉस्पिटलला नेलं. पोलिसांची एन्क्वायरी झाली, विषय क्लोज आहे. त्या फॅमिलीला जे काही लागेल ते आम्ही बघतोय.

बाबांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. वास्तुशांतीच्या वेळी मी मध्ये पडलो म्हणून थोडक्यात निभावलं. दर वेळी मी असेनच असं नाही. खडकीला तुम्ही आणि मामी दोघंच राहता, आजूबाजूचे क्वार्टर्स रिकामे झालेत असं ऐकलं. काळजी वाटते. आमच्या घरच्या मॅटरमध्ये पडू नका ही रिक्वेस्ट.

मामींना नमस्कार. तुमचे आशीर्वाद असू द्या, बाकी काही नको.

आपला,
पृथ्वीराज


खडकी
दि. २२ ऑगस्ट २०२४

चि. पृथ्वीराज यास,
आशीर्वाद मागितलास, म्हणून दिला.

पत्र मिळालं. छपाई स्वच्छ आहे, शुद्धलेखनाच्या चुका नाहीत. धमकी कशी लिहावी याचं शिक्षण तुमच्या कॉलेजात चांगलं दिलेलं दिसतं.

तुझ्या आईचं चौदा तारखेचं पत्र माझ्याकडे आहे. तिच्या अक्षरात, तारखेसह, सहा पानं. त्यात अंगण कुणी धुतलं तेही आहे आणि डिझेल कुणी ओतलं तेही. डोकं फिरलेल्या बाईला एवढं क्रमवार लिहिता येत असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी मलाही त्या गोळ्या द्याव्यात. त्या पत्राच्या प्रती दोन ठिकाणी ठेवल्या आहेत. त्यातलं एकही ठिकाण खडकीत नाही.

मी ते घेऊन त्याच दिवशी चौकीत निघालो होतो. तुझ्या मामीने दारात अडवलं. पाटीवर लिहिलं की हे सांगणं तुळजाचं आहे, तिला सांगू द्या, गेल्या वेळीही तुम्हीच तिच्या बदल्यात बोलला होतात. म्हणून महिनाअखेरपर्यंत थांबतो. पहिल्या तारखेला सकाळी दहा वाजता पत्र घेऊन जातो. हे तुझ्या आईला वाचून दाखव. दाखवणार नाहीस हे माहीत आहे, पण तुझ्या वडिलांना संतापून मोठ्याने वाचायची सवय आहे.

आमची काळजी करू नकोस. आम्हाला ऐकू येत नाही, दिसतं मात्र व्यवस्थित.

तुझा मामा,
आप्पासाहेब


खडकी
दि. १८ सप्टेंबर २०२४

चि. पृथ्वीराजास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुरुंगात पत्र आधी दुसरं कुणीतरी वाचतं असं वकिलांनी सांगितलं. वाचू दे. मी जबाबात सांगितलेलं नाही असं यात काही नाही.

मी घरातून कशी गेले हे तुला तिथे आत तुझ्या बाबांनी सांगितलं असेल, त्यांच्या पद्धतीने. तू त्या दिवशी घरी नव्हतास, म्हणून मी सांगते.

मामाचं पत्र त्यांनी जेवताना मोठ्याने वाचलं आणि फाडून आमटीत टाकलं. मी ऐकत होते. तरीही मी उठले नाही, पृथ्वी. पंचवीस तारखेला पोपट गेले. तू दारात उभा राहून सांगितलंस आणि शूज न काढता तसाच वकिलांकडे निघून गेलास. मी तेव्हाही उठले नाही. तुझे बाबा जेवले, दुसऱ्यांदा भात घेतला. मग फोन बघून खूश झाले. लिचीच्या कंपनीने चूक कबूल केली होती. नवीन कलमं फुकट पाठवतोय, परवा पोचतील, असा निरोप होता. मला म्हणाले की बघ, दणका दिल्याबिगर कुणी ऐकत नाय.

परवा पोचतील म्हणजे कुणीतरी घेऊन येणार. दोन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. खोकं पुन्हा ओलं असेल, आत पुन्हा काळा चिखल असेल, आणि फाटकात एक माणूस उभा असेल. फावडं तिथेच होतं, भिंतीला टेकवलेलं. तू ते धुऊन परत जागेवर ठेवलं होतंस.

मंगळवारी सकाळपासून मी फाटकाशी जाऊन बसले. साडेदहाला स्कूटर आली. बाई होती, तिशीची, टिफिनची पिशवी हँडलला अडकवलेली. मी फाटकाबाहेर गेले आणि तिला सांगितलं की आत येऊ नकोस, खोकं खाली ठेवू नकोस, मला पोलीस चौकीत सोड. तिला वाटलं मी भ्रमिष्ट आहे. मग ह्यांनी ओटीवरून हाक मारली आणि तिने माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या गालावर तेव्हा काय होतं ते तुला माहीत आहे. तिने खोकं पायाशी घेतलं आणि मला मागे बसायला सांगितलं.

ते धावत आले. त्यांनी फाटकातून हात घालून माझे केस धरले. मी पडले, ती बाई किंचाळली. फावडं त्यांच्या दुसऱ्या हातात होतं. फाटक अर्धं उघडं होतं आणि माझे केस सुटल्यावर त्यांनी तो हात चौकटीवर टेकला होता. मी सगळ्या अंगाने ते लोखंडी फाटक ओढलं. त्यांची बोटं मध्ये आली. मी सोडलं नाही. पुन्हा ओढलं. हाड मोडल्याचं मला हाताला कळलं, आणि त्यांचं ओरडणं ऐकलं. इतक्या वर्षांत ते ओरडणं मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकत होते. मला वाईट वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं, अजून वाट बघतेय. हेही मी जबाबात सांगितलं. तीन बोटं मोडली, असं साहेबांनी लिहून घेतलं.

त्या बाईने मला चौकीत सोडलं. तिथे मी पहिल्यांदा हे सांगितलं की आधी दिलेला जबाब खोटा होता. मग त्या सोमवारचं, बारा तारखेचं सगळं. फावड्यापर्यंत आले तेव्हा माझा आवाज नीट होता. तुझ्यापर्यंत आले तेव्हा थांबले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले की ताई, पुढचं विचार करून सांगा, मुलगा आहे. मग मी म्हटलं की लिहा, अंगण पृथ्वीराजने धुतलं, स्कूटर पृथ्वीराजने पाडली, खोकं पृथ्वीराजने जाळलं. आणि हेही लिहा की दवाखान्यात त्याने नेलं. ते त्यांनी लिहिलं. मी वाचून सही केली.

तू तीन वर्षांचा असताना मी तुला घेऊन एकदा निघाले होते आणि परत गेले. मामा म्हणतो ती त्याची चूक. तो लहान असल्यासारखा रडतो, वहिनी त्याला ओरडते आणि त्याला ऐकू येत नाही. पण परत मी माझ्या पायांनी आत गेले होते. त्यानंतर तू जे बघत मोठा झालास ते मी तुला दाखवलं. बाबांनी मारलं की तू आधी फाटक लावायचास, आठवतं? शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. सहा वर्षांचा होतास. मी तुला शाबास म्हणायची.

पोपटांच्या बायकोला मी दवाखान्याच्या त्याच जिन्यात भेटले. शवविच्छेदनाचा कागद न्यायला ती आली होती. मी तिला सांगितलं की गाडी नव्हती. काय होतं, कुणी केलं आणि मी काय खोटं बोलले, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग तिने मला मारलं, दोनदा, उघड्या हाताने, तोंडावर. लोक धावले, मी त्यांना लांब राहायला सांगितलं. नंतर ती माझ्याच शेजारी पायरीवर बसली, कारण तिथे दुसरी जागा नव्हती. तिला विचारायचं होतं की ते शेवटी काय बोलले. ते मी तिला सांगितलं.

तुझ्या वकिलांचा माणूस परवा इथे आला होता. खटल्यात मी नीट बोलले तर तू लवकर सुटशील, असं म्हणाला. नीट म्हणजे काय, ते मी त्याला विचारलं नाही. उलटतपासणीत जे विचारतील त्याला मी उत्तर देईन, आणि जे पाहिलं तेच देईन. तू अंगण धुतलंस हेही आणि पोपटांना जीपमध्ये ठेवताना त्यांचं डोकं तू हाताने सांभाळलंस हेही. ते मी पडल्या जागेवरून पाहिलं होतं. त्या वेळी तुला काय वाटलं, ते तुझं तूच सांगू शकतोस. सांगशील तर पोपटांच्या बायकोलाही ऐकू दे.

भेटीचा दिवस गुरुवार आहे असं कळलं. मामाच्या स्कूटरवर येते. तू भेट नाकारलीस तरी वेळ संपेपर्यंत बाहेर बाकावर बसेन आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन. मुलगा म्हणून बोलाव, मी आत येईन. जबाब बदलायला सांगायला बोलावणार असशील तर बोलावू नकोस.

थंडी पडायच्या आत स्वेटर देतील का ते विचारून ठेव.

तुझी,
आई